पट्टीचा तिसरा भाग

सोमवार, १२ फेब्रुवारी
सकाळी साडेनऊ, विश्रांतीची खोली

योस्टाइन,

हा कागद पाहूनच तू नाक मुरडशील. मागच्या बाजूला नोंदवहीचे रकाने आहेत: वेळ, वारा, बर्फाची जाडी, सही. चांगला कागद आणायला दुकानात गेलो तर लिहिणं पुन्हा पुढच्या वर्षावर जाईल, आणि असं अकरा वर्षं झालंय. म्हणून हाताला लागलं त्यावर लिहितोय.

तू बुधवारी येतोयस असं इंगव्हिल म्हणाली. बाबांच्या वॉर्डातली नर्स ती, तुझ्याशी फोनवर बोलली तीच. मी फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि मी केलाही नसता, तेव्हा तिने केला हे बरंच झालं. तिने सांगितलं तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणालो आणि खाली जाऊन गाडीत बसलो. दहा मिनिटं किल्ली शोधली. किल्ली हातातच होती.

डॉक्टर आता आठवड्यांत बोलत नाही, दिवसांत बोलतो. बाबा रोज एकच विचारतात, ‘धाकटा उतरला का?’ आला का म्हणत नाहीत, उतरला का म्हणतात. त्यांच्या लेखी तू आईच्या दिवसकार्यानंतर विमानात बसलास तो अजून वरच फिरतोयस. तर बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी धावपट्टी उघडी पाहिजे. या आठवड्यात मला दुसरं काही नको आहे.

आणि बर्फ शनिवारपासून पडतोय. थांबायचं नाव नाही. काल दुपारपर्यंत बेचाळीस सेंटिमीटर, मग वाऱ्याने दिशा बदलली आणि जो बाजूला सारला होता तो सगळा परत पट्टीवर आणून टाकला. आपण काढायचा, त्याने आणायचा. एरवी दिवसाला अडतीस विमानं होतात, आज सकाळपासून दोन झाली, आणि दुसऱ्याचा वैमानिक उतरल्यावर माझ्याकडे असं बघून गेला की जणू मीच वरून ओततोय. त्यात शाळांच्या हिवाळी सुट्टीचा आठवडा. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, जमिनीवर स्कीज, पिशव्या आणि त्यावर झोपलेली माणसं. ओसहिलचं वॉफलचं पीठ नऊलाच संपलं. ती अजून कॅफेतच आहे, तिच्याच जागी, तीच चिडचिड. तुझ्याबद्दल विचारते. ‘तो बर्गेनला ट्राम चालवतो म्हणे. तिथे नुसता पाऊस, काढायला काही नाही, म्हणून गेला असेल.’

रेडिओवर बोलावतायत. आलोच.

आलो. बिर्गरच्या ब्लोअरचा पट्टा तुटलाय. नांगर बर्फ कडेला सारतो, पण सारलेला ढीग लांब उडवायला ब्लोअर लागतो, नाही तर दोन फेऱ्यांत कडेला भिंत उभी राहते आणि विमानाचा पंख तिला लागेल अशी वेळ येते. हे तुला काय सांगायचं. चार नंबर नांगर तूच चालवायचास. त्याला आता नवीन सीट आहे, जुनीवर तू चाकूने खरडलेलं नाव होतं म्हणून मी ती फेकू दिली नाही, गॅरेजच्या माळ्यावर आहे. का ठेवली विचारू नकोस.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. आज नाही. आज वारा फार आहे.

तोरलाइफ


मंगळवार, १३ फेब्रुवारी
दुपारी दोन

योस्टाइन,

कालचं पत्र खिशातच आहे. टपालाच्या पेटीपर्यंत गेलो होतो. टपालाची गाडीच दोन दिवस आलेली नाही, तेव्हा माझ्यावर पत्र न टाकल्याचा दोष येत नाही.

आज सकाळी पाच विमानं रद्द. उद्याचं तुझं अजून रद्द नाही, मी दर तासाला टॉवरवर फोन करून विचारतो. मार्गुन आता माझा नंबर दिसला की ‘नाही अजून’ एवढंच म्हणून ठेवून देते. तीच मार्गुन, हो. त्या दिवशी टॉवरवर होती तीच.

आज एक गंमत झाली, म्हणजे गंमत नाही. मी हातमोजे वाळवायला हॉलमधल्या हीटरपाशी गेलो तर एका बाईंनी मला धरलं. त्रॉनहाइमच्या, साठीच्या, मांडीवर कड्यांच्या केकचा उंच डबा, नातीच्या बारशाला निघालेल्या. काल दुपारपासून तो डबा त्यांनी खाली ठेवलेला नाही.

‘तुम्ही बर्फवाले ना? मी खिडकीतून बघतेय. पट्टी स्वच्छ दिसतेय आणि तुम्ही लोक कॉफी पीत बसलाय.’

‘दिसते स्वच्छ, बाई. पण विमानाचं चाक डोळ्याने चालत नाही.’

‘मग कशाने चालतं?’

आता एवढं विचारल्यावर सांगावं लागलं. म्हटलं, पट्टीचे आम्ही तीन भाग मानतो. मोजणीची गाडी घेऊन एका टोकाहून निघायचं, गाडीमागे एक जास्तीचं चाक असतं, ते ब्रेक लावून घासत न्यायचं, की चाक जमिनीला किती धरतंय ते कळतं. प्रत्येक भागाला एक आकडा. पाच म्हणजे छान, तीन म्हणजे जपून, एक म्हणजे येऊ नका. तीन भागांचे तीन आकडे आम्ही टॉवरला सांगतो, टॉवर वैमानिकाला, आणि तो वर बसून ठरवतो उतरायचं की परत फिरायचं. त्याला खालचं काही दिसत नाही. त्याच्या हातात आमचे तीन आकडेच असतात.

‘आणि तुम्ही चुकलात तर?’

मी काही बोलायच्या आत पलीकडून ओसहिल ओरडली, ‘हा नाही चुकायचा. याच्या स्वतःच्या आईला न्यायला रुग्णवाहिकेचं विमान वर येऊन घिरट्या घालत होतं, तरी याने आकडा ढिला केला नाही. एक म्हणजे एक. प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवतात तो किस्सा.’

हॉलमधली आठ-दहा माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्या बाई उभ्या राहिल्या. डबा पहिल्यांदा खाली ठेवला, माझा ओला हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, ‘माफ करा. मी उगाच बोलले.’ मग डबा उघडून केकचं सगळ्यात वरचं कडं काढून मला दिलं, नातीच्या बारशाचं. नको म्हणालो तर ऐकेनात.

ते कडं रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलंय. मला खाता आलं नाही. टाकताही येत नाही.

वर्गातल्या किश्श्याचं खरं आहे. दर शरद ऋतूत नवीन लोक येतात तेव्हा तो सांगतात. मी त्या वेळी बाहेर जाऊन ओठाखाली तंबाखू धरतो आणि संपेपर्यंत आत येत नाही. लोकांना वाटतं आईची आठवण येते.

आईची आठवण येतेच. पण बाहेर जातो ते त्यासाठी नाही.

तोरलाइफ


बुधवार, १४ फेब्रुवारी
सकाळी सात

योस्टाइन,

तुझं विमान अजून रद्द नाही. बर्गेनहून वेळेवर सुटणार असं मार्गुन म्हणते. पहाटेपासून तीनदा विचारलं.

काल संध्याकाळी पाचला बाबांकडे गेलो. चेहरा लहान झालाय. मी कॉडची कलेजी नेली होती वाटीत, त्यांनी वास घेतला, म्हणाले ‘जास्त शिजवलीस’, आणि दोन चमचे खाल्ली. मग म्हणाले, ‘उद्या तो उतरणार ना?’

‘पट्टी उघडी असेल तर.’

‘ती उघडणं तुझ्या हातात आहे. मुकादम आहेस ना तू?’

‘बाबा, ते माझ्या हातात नसतं. मी फक्त मोजतो.’

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, ‘तो आला आणि मी झोपलेलो असलो तर उठव. नाही उठलो तर जोरात हलव. लाजू नकोस.’

‘मी फक्त मोजतो’ हे वाक्य मी अकरा वर्षं सगळ्यांना ऐकवलंय. काल ते बाबांना म्हणालो आणि घरी जाऊन जेवलो नाही. तू आज समोर उभा राहशील तेव्हा माझ्याकडून बोलणं होणार नाही, म्हणून आता लिहितो. एकाच दमात लिहितो, मध्ये उठवलं तरी उठणार नाही.

त्या दिवशी मी तिसरा भाग मोजला नाही.

आई हँगरमध्ये स्ट्रेचरवर होती. तोंड एका बाजूला गेलेलं, तरी माझी कॉलर ओढून म्हणाली, ‘टोपी घाल.’ विमान वर आलं होतं, इंधन अर्ध्या तासाचं. मी मोजणीच्या गाडीत बसलो. पहिला भाग तीन, मधला तीन. मधला भाग संपतो त्या दोन नंबरच्या पाटीपाशी आलो तर पुढे सगळं पांढरं, बॉनेटसुद्धा दिसेना. तू रेडिओवर म्हणालास, ‘शेवटचा काळा करून ठेवलाय, मुकादम. ये आणि बघ.’ काळा म्हणजे डांबर दिसेपर्यंत. आणि मी गाडी वळवली.

का वळवली याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. दिसत नव्हतं. चार मिनिटं वाचत होती, ती आईपाशी घालवायची होती. शेवटचा भाग समुद्राच्या बाजूचा, तिथे वाऱ्याने बर्फ परत येतोच, मधल्यापेक्षा दोनने कमी धरायचा ही आपल्या गँगची जुनी सवय, तुलाही ठाऊक आहे, सगळेच जण मनात तसं धरायचे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण नाही.

कारण हे होतं की तू तिचा लाडका, तू ‘काळा आहे’ म्हणणारच असं मला वाटलं. आणि मी जर तुझं ऐकून तीन सांगितला असता, तर उद्या लोक म्हणाले असते, आईसाठी तोरलाइफने आकडा वाढवला. वीस वर्षांत माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मला आईपेक्षा त्याची काळजी जास्त वाटली. तिथे जाऊन मोजलं आणि खरंच तीन निघाला तर तो सांगावा लागेल, याची मला भीती वाटली. म्हणून न मोजताच ‘एक’ सांगितला. कडक आकडा सांगितला की माणूस खोटं बोलतोय असं कुणाला वाटत नाही.

विमान परत गेलं. आईला रस्त्याने नेलं, नांगरामागून, आणि वाटेतल्या दुसऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना ती गेली. तू तिच्याबरोबर होतास. मी पट्टीवर होतो.

नोंदवहीत तिन्ही आकड्यांपुढे माझी सही आहे. दिवसकार्यानंतर तू मला एवढंच म्हणालास, ‘तू मोजत नाहीस, तोरलाइफ, तू ठरवतोस.’ मला वाटलं तू रागाने बोललास.

तीन असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच माहीत नाही. पण तो आकडा काय होता हे जगात एका माणसाला कळायला हवं होतं, आणि तो तिथे गेलाच नाही.

ही पत्रं आज तुझ्या हातात देणार. वाचून तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. आधी बाबांकडे जा.

बाहेर दिसायला लागलंय. बर्फ थोडा हलका झालाय असं वाटतं. मी आधी तिसऱ्या भागावर दोन नांगर लावतो.


बुधवार
दुपारी तीन

योस्टाइन,

तुला कळलंच आहे. तू वर होतास.

आम्ही सकाळी आठपासून एक मिनिट थांबलो नाही. बिर्गरचा ब्लोअर चालू झाला, अकराला पट्टी पहिल्या टोकापासून शेवटच्या दिव्यापर्यंत काळी होती, मी स्वतः बघितली. बाराला दोन विमानं उतरवली. त्या केकवाल्या बाई त्यातल्याच एकात बसून पुढे गेल्या, जाताना काचेतून हात केला. मला वाटलं, आज जमतंय.

पाऊण वाजता समुद्रावरून बर्फाची भिंत आली. तुला माहीत आहे कशी येते ती. आधी बेट दिसेनासं होतं, मग दीपस्तंभ, मग समोरचं कुंपण.

एक वाजता मार्गुन रेडिओवर म्हणाली, ‘बर्गेनचं वर आलंय. वीस मिनिटं थांबू शकतो म्हणतोय. आकडे दे.’

मी निघालो. पहिला तीन. मधला तीन. दोन नंबरच्या पाटीपाशी आलो, आणि पुढे सगळं पांढरं. बॉनेटसुद्धा दिसेना. माझे हात स्टिअरिंगवर असे बसले की जणू गाडी आपण होऊनच वळणार. मी दार उघडलं, खाली उतरलो आणि आता नांगरावर आलेल्या बिर्गरला रेडिओवर म्हटलं, तुझा दिवा लाव आणि माझ्यापुढे चाल, चालत्या माणसाच्या वेगाने. तो पुढे, मी परत गाडीत बसून मागे, असा मोजत शेवटच्या दिव्यापर्यंत गेलो.

एक.

बिर्गर म्हणाला, ‘मुकादम, वर तुझा भाऊ आहे.’

‘माहीत आहे.’

‘विमान लहान आहे. दोन तृतीयांश पट्टी त्याला पुरते. तीन म्हण ना.’

‘तू नांगर फिरव एकदा. मी परत मोजतो.’

त्याने फिरवला. मागून वारा भरत होता, पुढून तो काढत होता. मी वळून पुन्हा पहिल्यापासून तो भाग मोजला. चाक साबणावरून गेल्यासारखं सरकत होतं. तेव्हा पाच मिनिटं उरली होती. बाबांचा चेहरा आठवला, तो लहान झालेला. आणि मला खरंच वाटलं, योस्टाइन, तीन म्हणावं. तुझ्यासाठी, बाबांसाठी, आणि अकरा वर्षांपूर्वीचं फिटेल म्हणून. मग वाटलं, हाही मी ठरवतोच आहे, मोजत नाहीये.

‘तीन, तीन, एक,’ मी सांगितलं.

मार्गुनलाही ते आकडे ओळखीचे. म्हणाली, ‘शेवटचा परत सांग.’

‘एक. दोनदा मोजलाय.’

‘घेतलं.’

तुझं विमान ढगात नुसतं ऐकू आलं. एकदा डोक्यावरून, मग दक्षिणेकडे, मग वारा. बोदोला उतरवतायत म्हणून मार्गुनने सांगितलं. मी गाडी कडेला घेतली आणि रडलो. लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार नाही.


गुरुवार, १५ फेब्रुवारी
सकाळी दहा

काल संध्याकाळी सहाला विश्रांतीच्या खोलीतला भिंतीवरचा फोन वाजला. तो नंबर आता कुणी वापरत नाही. तुला पाठ असेल असं मला वाटलं नव्हतं.

आपण काय बोललो ते तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला ते कागदावर बघायचंय.

‘मुकादम?’

‘हो.’

‘मोजलंस?’

‘मोजलं.’

‘शेवटचा?’

‘दोनदा.’

मागे बोदोच्या हॉलमधला गोंगाट ऐकू येत होता. मग म्हणालास, ‘मग एकच असेल.’

मी म्हणालो, ‘योस्टाइन, त्या दिवशी मी...’

‘माहीत आहे मला.’

‘काय माहीत आहे?’

‘तू तिसऱ्यात आलाच नव्हतास. मी तिथेच होतो ना. विमान गेल्यावर मी नांगर घेऊन परत निघालो तर मोजणीच्या गाडीच्या चाकोऱ्या दोन नंबरच्या पाटीपाशी वळलेल्या दिसल्या. उतरून बघितलं. पुढे माझ्याशिवाय कुणाच्याच नव्हत्या.’

फोनची वायर आखूड, जमिनीवर बसलो तर रिसीव्हर कानाला पुरेना, म्हणून अर्धा उभा, अर्धा बसलेला असा तुझ्याशी बोलत होतो.

‘बोलला का नाहीस?’

‘कुणाला बोलू? साहेबाला सांगितलं असतं तर तू घरी बसला असतास. बाबांना सांगितलं असतं तर आई गेली त्याच आठवड्यात तूही गेला असतास त्यांच्या लेखी. मी म्हटलं, हा स्वतः सांगेल. तोवर माझ्याने याच्या तोंडाकडे बघवणार नाही. म्हणून गेलो.’

‘अकरा वर्षं वाट बघितलीस?’

‘तू पहिल्यापासूनच गाडी हळू चालवतोस.’

योस्टाइन, मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती असं मला अकरा वर्षं वाटत होतं, आणि ती तूच माझ्यासाठी सगळ्यांपासून लपवून बसला होतास, बर्गेनच्या पावसात. मी किश्श्यातला शूर मुकादम झालो ते तुझ्या गप्प बसण्यावर. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं म्हणे. नाही वाटलं. लाज वाटली, खूप, आणि अजून वाटतेय.

आज आठ वाजता साहेबाकडे गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘तोरलाइफ, निवृत्तीला तुला सोळा दिवस राहिलेत. कशाला उकरतोस?’ मी म्हटलं, ती जुनी नोंदवही काढा. तळघरात होती, त्याने नाराजीने काढून दिली. त्या दिवसाच्या पानावर तिसऱ्या आकड्यापुढे मी आजची तारीख घालून लिहिलं: ‘हा भाग मोजलेला नाही. आकडा अंदाजाने.’ आणि सही केली. शरद ऋतूत तो किस्सा आता सांगणार नाहीत, किंवा नीट सांगतील. ओसहिलला मीच जाऊन सांगितलं. ती वॉफलचं पीठ ढवळत राहिली, आणि मग कॉफी ओतून माझ्यासमोर ठेवली, नेहमीपेक्षा जरा जोरात.

इंगव्हिलचा फोन आला होता. बाबा आहेत. रात्र जड गेली, पण सकाळी दाढी करून मागितली.

बोदोहून तुझी बस सहालाच सुटली असणार. वाटेत दोन फेरीबोटी आहेत. दुसऱ्या बोटीच्या धक्क्यावर थांबशील तेव्हा तुला काय वाटेल ते मी समजू शकत नाही. त्या धक्क्यावर मी अजून एकदाही गेलेलो नाही. जाईन, तू बरोबर आलास तर.


गुरुवार
दुपारी तीन, गाडीत

बिर्गरने आज उरलेली पाळी घेतली. म्हणाला, ‘जा, पट्टी पळून जात नाही.’

शाळेपुढच्या बसथांब्यापाशी थांबलोय. गावातल्या नांगराने रस्ता काढून सगळा ढीग नेमका थांब्यावर लोटून ठेवला होता, माझ्या छातीइतका. बसमधून उतरलास तर सरळ त्यात गेला असतास, आणि तुझ्या त्या शहरी बुटांनी. म्हणून फावडं काढलं. मशीन नाही, कुणी माणूस नाही, पाऊण तास लागला. पाठ मोडली आहे, पण तुझ्यापुढे ताठ चालणार, तेव्हा विचारू नकोस.

बाबांना येताना सांगून आलो. म्हटलं, तो विमानाने नाही, बसने येतोय. ते म्हणाले, ‘म्हणजे उतरला एकदाचा.’ डोळे मिटले, पण झोपले नाहीत. एक डोळा दाराकडे ठेवून पडलेत. इथून तिथे सहा मिनिटं, रस्ता मोकळा आहे, मी येताना बघून ठेवलाय.

केकचं ते कडं डॅशबोर्डवर आहे. कडक झालंय, पण कड्यांचा केक मुळातच कडक असतो. आपण दोघांनी अर्धं अर्धं खाऊ.

ही सगळी पत्रं तुझ्या हातात देणार, टपालाची गाडी अजूनही आलेली नाही. वर एक गोष्ट लिहायची राहिली, ती आता लिहितो, कारण वळणावर बसचे दिवे दिसतायत. बसच्या पायरीपासून माझ्या गाडीच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. खाली खडी टाकली आहे. मी स्वतः तीनदा चालून बघितलंय, शेवटपर्यंत.

तोरलाइफ